टेक्सासच्या ग्रामीण काउंटीतलं घर : होमस्टेडचा अर्ज तीन वर्षं राहून गेला

माळावरची | ११ जानेवारी २०२६

ऑस्टिनपासून पूर्वेला तासाभरावर, काउंटी रोडवर आमचं घर आहे. ११ एकर जमीन, त्यात एक जुनं फार्महाऊस, बाकी गवत आणि मेस्कीटची झाडं. ऑगस्ट २०२२ मध्ये डॅलसजवळच्या प्लेनो शहरातलं घर विकून इथे आलो. मुलांना मोकळं वाढवायचं होतं, आईला पुण्याहून आणायचं होतं, आणि मला लहानपणापासून जमीन हवी होती.

परवा रात्री कर भरल्याच्या पावत्या लावत बसले होते. शेजारच्या काउंटीतल्या मैत्रिणीला फोनवर आकडे सांगितले तर ती म्हणाली, "अगं, तुझ्या बिलावर होमस्टेडची ओळ कुठे आहे?" होमस्टेड म्हणजे राहत्या घरावर मालमत्ता करात मिळणारी सवलत. बिल पुन्हा पाहिलं. ती ओळ नव्हतीच. २०२३, २०२४, २०२५, तिन्ही वर्षांच्या बिलांवर सवलतीच्या रकान्यात शून्य.

घर घेताना आमच्या एजंटने सांगितलं होतं की क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण, झालं की ते आपोआप लागतं. मी विश्वास ठेवला. प्लेनोच्या घराचा अर्ज नवऱ्याने कधीतरी केला होता, तोही विसरला होता. बँक एस्क्रोमधून, म्हणजे हप्त्याबरोबर करासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून, कर भरते, त्यामुळे बिल उघडून वाचायची वेळच आली नाही. महिन्याचा हप्ता वाढत गेला तेव्हा वाटलं, सगळंच महाग होतंय.

आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या शाळांच्या, कराचा दर किमतीच्या प्रत्येक शंभर डॉलरला साधारण एक डॉलर आहे. शाळेच्या करातली सवलत, म्हणजे घराच्या किमतीतून वगळायची रक्कम, २०२३ आणि २०२४ ला एक लाख डॉलर होती, आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात २०२५ पासून ती १,४०,००० झाली. म्हणजे वर्षाला हजार, हजार आणि चौदाशे. ३,४०० डॉलर. रात्रभर झोप नाही.

मागचं काही परत मिळू शकतं का? आणि एक उपप्रश्न : आई ७१ वर्षांची आहे, आमच्याकडेच राहते. पासष्टीवरची सवलत तिच्यामुळे मिळेल का? जमिनीवर शेजाऱ्याच्या गायी चरतात, त्याचा काही उपयोग आहे का?

पाऊसवेडा | ११ जानेवारी २०२६

मिळू शकतं, पण आजच कामाला लाग. होमस्टेडचा उशिराचा अर्ज कर थकीत ठरण्याच्या तारखेनंतर दोन वर्षांपर्यंत करता येतो. २०२३ चा कर १ फेब्रुवारी २०२४ ला थकीत ठरला असता, म्हणून २०२३ साठीचं दार या महिनाअखेरीला बंद होतं. ३१ जानेवारी शनिवार आहे. कार्यालयाच्या दृष्टीने शुक्रवार ३० हाच शेवटचा दिवस धर.

अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाकडे जातो, कर भरतो त्या कार्यालयात नाही. लोक चुकीच्या खिडकीत देऊन येतात आणि मग तारीख निघून जाते. फॉर्मचा क्रमांक ५०-११४. फी नाही. "तुमचा होमस्टेड अर्ज आम्ही भरून देतो, इतके डॉलर पाठवा" अशी सरकारी दिसणारी पत्रं नव्या घरमालकांना येतात, त्यांना एक डॉलरही देऊ नकोस. ज्या ज्या वर्षासाठी मागतेस ती सगळी वर्षं फॉर्मवर लिही, नाहीतर ते फक्त चालू वर्षाचं धरतात.

निवडुंग | १२ जानेवारी २०२६

माळावरची, मी तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करते. आम्ही १९९४ मध्ये इथल्या एका छोट्या काउंटीत आलो. यजमान पशुवैद्य होते, गावात दुसरं मराठी घर नव्हतं. आजही नाही. तीस वर्षांत या करांशी पुष्कळ भांडले आहे, थोडं सविस्तर लिहिते.

आधी हे लक्षात घे की टेक्सासमध्ये राज्याचा मालमत्ता कर नाही. राज्याचा इन्कम टॅक्सही नाही, म्हणूनच मालमत्तेवर सगळा भार येतो, पण तो लावणारे स्थानिक आहेत : शाळा, काउंटी, हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट, अग्निशमनासाठीचा इमर्जन्सी सर्व्हिसेस डिस्ट्रिक्ट. किंमत ठरवते अप्रेझल डिस्ट्रिक्ट, दर ठरवतात हे सगळे, आणि पैसे गोळा करते आणखी तिसरीच खिडकी. १९७९ च्या कायद्याने किंमत ठरवण्याचं काम दर ठरवणाऱ्यांपासून वेगळं काढलं. तेव्हापासून आपल्याला दोन ठिकाणी बोलावं लागतं : किमतीबद्दल मे महिन्यात अप्रेझल डिस्ट्रिक्टमध्ये, दराबद्दल उन्हाळ्याच्या शेवटी काउंटी कोर्टहाऊसच्या सुनावणीत. त्या सुनावणीला आमच्याकडे पाच-सहा माणसं येतात. तू जात जा. मी गेली वीस वर्षं जाते आणि आमचे कमिशनर मला नावाने ओळखतात.

होमस्टेडचा फायदा फक्त त्या १,४०,००० पुरता नाही. होमस्टेड लागलेल्या घराची करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. हे बंधन सवलत मिळाल्यानंतरच्या १ जानेवारीपासून सुरू होतं. ऑस्टिनची माणसं बाहेर सरकायला लागली तेव्हा माझ्या शेजाऱ्याच्या जागेची किंमत एका नोटिशीत जवळजवळ दीडपट झाली. त्याचं होमस्टेड नव्हतं, कारण घर मुलाच्या कंपनीच्या नावावर केलं होतं. माझं दहा टक्क्यांवर थांबलं. बाकीच्या मालमत्तांना २०२४ पासून तीन वर्षांसाठी २० टक्क्यांचं तात्पुरतं बंधन आलंय, पण ते तात्पुरतंच आहे.

आईबद्दल. पासष्टीवरची सवलत मालकाला असते, घरात राहणाऱ्याला नाही. आईचं नाव डीडवर, म्हणजे मालकीच्या दस्तावर, नसेल तर मिळत नाही. नुसत्या करासाठी नाव चढवू नकोस. डीडवर नाव म्हणजे तिला खरा हिस्सा दिला. उद्या त्याची वारसाहक्काची गाठ होते, घरावर कर्ज असेल तर बँकेची परवानगी लागते. वकिलाला विचारल्याशिवाय पेन उचलू नकोस.

ज्यांचं स्वतःचं घर आहे आणि ६५ पूर्ण झालीत त्यांनी मात्र एक दिवसही दवडू नये. शाळेच्या करात १,४०,००० वर आणखी ६०,००० मिळतात. नोव्हेंबरच्या मतदानाआधी हे जास्तीचे फक्त दहा हजार होते. शिवाय शाळेचा कर त्या वर्षीच्या रकमेवर गोठतो. नवी खोली बांधली तर त्या खोलीपुरता वाढतो, छप्पर बदललं, रंग दिला, जमिनीखालचा पाइप दुरुस्त केला तर नाही. जोडीदार गेला आणि राहिलेल्याचं वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल तर गोठलेला कर त्यांना चालू राहतो. हे मला यजमान गेल्यावर कळलं. कार्यालयातल्या मुलीने स्वतःहून सांगितलं, तिचे उपकार मी विसरत नाही.

रानवाटा | १२ जानेवारी २०२६

काकू, एक प्रश्न. आम्ही अजून एच-वन-बी व्हिसावर आहोत. कॉनरोच्या उत्तरेला छोट्या गावात घर घेतलंय. आम्हाला होमस्टेड मिळेल का? मित्र म्हणतो ग्रीन कार्ड लागतं.

पाऊसवेडा | १२ जानेवारी २०२६

नागरिकत्वाची अट नाही. ते तुमचं मुख्य राहतं घर हवं, मालकी तुमच्या नावावर हवी, आणि टेक्सासच्या लायसन्सवर किंवा ओळखपत्रावर त्याच घराचा पत्ता हवा. दुसऱ्या राज्यात दुसऱ्या घरावर हीच सवलत घेत असाल तर ती आधी सोडा. सहा महिने भारतात जाऊन आलात तरी हक्क जात नाही. दोन वर्षांच्या आत परतायचं असेल आणि मधल्या काळात दुसरं घर मुख्य घर केलं नसेल तर चालतं.

तिफण | १३ जानेवारी २०२६

गायींच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. आमची १४ एकर आहे, मधमाश्या पाळतो.

लोक त्याला "ॲग एक्झम्प्शन" म्हणतात, पण ती सवलत नाही, किंमत ठरवायची वेगळी पद्धत आहे. टेक्सासच्या राज्यघटनेच्या कलमावरून तिला "वन-डी-वन" म्हणतात. जमीन बाजारभावाने न धरता तिच्यातून शेतीचं किती उत्पन्न निघू शकतं त्यावर धरतात. फरक प्रचंड पडतो. आमच्या १३ एकरांवर आधी जितका कर होता त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही आता नाही.

अट अशी की मागच्या सात वर्षांपैकी पाच वर्षं जमीन मुख्यतः शेतीसाठी वापरात असली पाहिजे. हा इतिहास जमिनीचा असतो, मालकाचा नाही. म्हणून माळावरचीला विचारायचं आहे : जुन्या मालकाकडे वन-डी-वन होतं का? असेल आणि गायी मध्ये थांबल्या नसतील, तर तुझी वर्षं बहुतेक भरलेली आहेत. मालक बदलला की नवा अर्ज करावा लागतो, तो केला नाही म्हणून तुझी जमीन बाजारभावात गेली असणार. ३० एप्रिलच्या आत अर्ज टाक. शेजाऱ्याशी चराईचा तोंडी करार असेल तर तो कागदावर आण, एका पानाचा चालतो. कुंपणाचे, पाण्याच्या टाकीचे, गायींचे फोटो तारखेसह ठेव.

मधमाश्यांचा नियम कायद्यात स्पष्ट आहे : जमीन ५ ते २० एकर हवी. किती पेट्या ते प्रत्येक काउंटी ठरवते. बऱ्याच ठिकाणी पहिल्या पाच एकरांना सहा पेट्या आणि पुढे प्रत्येक अडीच एकरांना एक. घराखालची जागा यातून वगळतात, बहुतेक एक एकर. म्हणून पाच एकरांचा प्लॉट घेऊन त्यावर घर बांधलं की मधमाश्यांना चारच एकर उरतात आणि अर्ज फेटाळला जातो. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांचं असं झालं. सहा एकर घेतली असती तर जमलं असतं.

आणि हे शेवटचं, पण जड. पुढे कधी ही जमीन शेतीतून काढून दुसऱ्या कामाला लावली तर मागच्या तीन वर्षांचा फरक भरावा लागतो, त्याला रोलबॅक म्हणतात. पूर्वी पाच वर्षं आणि वर व्याज होतं, २०१९ मध्ये ते कमी केलं. बिल्डरला विकताना हा रोलबॅक कोण भरणार ते करारात लिहून घ्या.

माळावरची | १३ जानेवारी २०२६

तिफण दादा, जुन्या मालकाकडे होतं! आत्ताच अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर आमच्या जागेचा इतिहास उघडून पाहिला. २०२२ पर्यंत दहा एकरांची करपात्र किंमत नगण्य आहे आणि २०२३ मध्ये एकदम वर गेली आहे. कारण लिहिलेलं नाही. तेच गवत, त्याच गायी, तोच शेजारी. मी नोटीस उघडून वाचली असती तर तिथेच कळलं असतं. डोळे भरून आले, खरं सांगते. बाबा कोरेगावला दर वर्षी तलाठ्याकडे जाऊन सातबारा आणायचे आणि ओळ न् ओळ वाचायचे. मी त्यांच्याकडून ते शिकले नाही.

होमस्टेडच्या फॉर्ममध्ये घराबरोबर किती एकर ते विचारलंय. अकराच्या अकरा लिहू का?

तिफण | १३ जानेवारी २०२६

कायद्याने होमस्टेडमध्ये २० एकरांपर्यंत जमीन येऊ शकते, पण ती घराचा भाग म्हणून वापरात असायला हवी. गायी चरणारी दहा एकर वन-डी-वनमध्ये टाकायची असतील तर होमस्टेडला एक एकर दे. एकाच तुकड्यावर दोन्ही मागितलं की अर्ज अडकतो.

कडुलिंब | १४ जानेवारी २०२६

सगळं वाचतोय. एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नये.

मी ईस्ट टेक्सासच्या एका लहान गावात शाळेत गणित शिकवतो. शहरातून आलेली, चांगला पगार असलेली माणसं पाच-दहा एकर घेतात, चार मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात आणि कर जवळजवळ शून्यावर आणतात. दोन मैलांवर भाड्याच्या ट्रेलरमध्ये राहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याच्या घरी कसलीच सवलत पोचत नाही, कारण भाडेकरूला होमस्टेड नाही, आणि जागामालक आपला कर भाड्यातूनच वसूल करतो. आमच्याकडे रात्री आग लागली तर येणारे सगळे स्वयंसेवक आहेत. त्यांच्या बंबाचं डिझेल याच करातून येतं. इमर्जन्सी डिस्ट्रिक्टला दर शंभर डॉलरला दहा सेंटपेक्षा जास्त लावताच येत नाही. किंमतच कमी धरली तर त्या दहा सेंटांना काय अर्थ राहतो?

मला वाटतं, जे हक्काचं आहे ते घ्यावं. पण मधमाश्या फक्त करासाठी ठेवत असू तर ते बरोबर नाही.

निवडुंग | १४ जानेवारी २०२६

कडुलिंब, राग कसला. तुम्ही रोज त्या मुलांना बघता.

दोन गोष्टी वेगळ्या करते. शाळेच्या १,४०,००० मुळे शाळेचा जो महसूल जातो तो राज्य भरून देतं. त्यासाठीच हे बदल मतदानाला टाकताना विधिमंडळाने पैशांची तरतूद केली. तुमच्या शाळेचा पगार माळावरचीच्या होमस्टेडमुळे कमी होत नाही. उलट तिने ते मागितलं नाही, तर तिच्या खिशातून गेलेले पैसे राज्याच्या तिजोरीवरचा भार हलका करतात, तुमच्या वर्गात वेगळे येत नाहीत.

पण वन-डी-वनबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. तिथे काउंटी, हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट आणि अग्निशमन, सगळ्यांचाच आधार कमी होतो. आमच्या काउंटीत दवाखाना बंद पडला तेव्हा यजमानांना पहिला झटका आल्यावर रुग्णवाहिकेत पन्नास मिनिटं गेली. ज्याची गाय खरोखर चरते, ज्याचं गवत खरोखर कापून जातं, त्याला ही पद्धत नसती तर इथे एकही शेतकरी उरला नसता. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. पेट्या रिकाम्या ठेवून फोटो काढणाऱ्यांनी मात्र लाज धरावी.

तिफण | १४ जानेवारी २०२६

माझ्या पेट्या भरलेल्या आहेत. मागच्या वर्षी ८० पौंड मध काढला. पण कडुलिंब सरांचा मुद्दा मनाला लागला. आमच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या वार्षिक बार्बेक्यूला मी गेली तीन वर्षं गेलो नव्हतो. यंदा जाईन, आणि चेक घेऊन जाईन.

भातशेत | १५ जानेवारी २०२६

साताऱ्याहून लिहितेय. तुमचं वाचून आमच्याकडचं आठवलं. २०२० मध्ये राज्य सरकारने माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ केली. आमच्या जिल्ह्यात घरोघरी फौजी. पण माझ्या आत्याच्या गावी कितीतरी घरं अजून भरतच होती, कारण ग्रामपंचायतीत दाखला आणि अर्ज द्यायला कुणी गेलंच नव्हतं. आत्याचे यजमान सुभेदार होते. ते गेल्यावर नमुना आठला घर अजून त्यांच्याच नावावर, आत्याची वारसनोंद नाही, म्हणून तिचा अर्जच घेईनात. नोंद करून घ्यायला आठ महिने लागले. तिथेही अशी नावाची अडचण येते का?

निवडुंग | १५ जानेवारी २०२६

भातशेत, येते, आणि फार येते. गरीब कुटुंबांत प्रोबेटचा, म्हणजे कोर्टातून वारसा नावावर करून घेण्याचा, खर्च परवडत नाही म्हणून घर आजोबांच्याच नावावर राहतं. ईस्ट टेक्सासच्या कृष्णवर्णीय आणि दक्षिणेच्या मेक्सिकन कुटुंबांत तर पिढ्यान्‌पिढ्या. इथे त्याला "एअर प्रॉपर्टी" म्हणतात, वारसांची सामाईक जागा. २०१९ मध्ये टेक्सासने कायदा बदलला. आता वारस त्या घरात राहत असेल तर नावावर डीड नसलं तरी पूर्ण होमस्टेड मिळू शकतं. प्रतिज्ञापत्र, मालकाच्या मृत्यूचा दाखला आणि नुकतंच आलेलं वीज किंवा पाण्याचं बिल द्यायचं, आणि त्याच घरात आणखी वारस राहत असतील तर त्यांची संमती. हे फार थोड्या लोकांना माहीत आहे.

गारवा | १७ जानेवारी २०२६

आयडाहोहून थोडक्यात. बॉयसीच्या चिप कंपनीत काम करतो, घर पश्चिमेला शेतांमध्ये. आमच्याकडे त्याला "होमओनर्स एक्झम्प्शन" म्हणतात. घर आणि जास्तीत जास्त एक एकर जमीन, त्यांच्या किमतीचा अर्धा भाग करातून वगळतात, पण १,२५,००० डॉलरच्या वर नाही. आम्ही पाच एकर घेतली, उरलेल्या चारांना यातलं काही मिळत नाही. आणि इथेही मागावंच लागतं. टेक्सासची मर्यादा वीस एकर आहे हे वाचून आश्चर्य वाटलं.

माळावरची | १८ जानेवारी २०२६

काकू, तुमचं १५ तारखेचं वाचल्यापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. ज्यांच्या गायी आमच्या रानात चरतात त्या शेजाऱ्याची आई, आम्ही तिला आजी म्हणतो, रस्त्याच्या पलीकडच्या घरात एकटी राहते. ७८ वर्षांची. आम्ही आलो त्या पहिल्या आठवड्यात तमालेचं मोठं पातेलं घेऊन आली होती. घर तिच्या नवऱ्याच्या नावावर, तो २०१४ मध्ये गेला. मागच्या वर्षी तिने मला एक पत्र दाखवलं होतं, होमस्टेडची पडताळणी असं काहीतरी. इंग्रजी वाचायचा तिला कंटाळा, आणि मलाही ते तेव्हा कळलं नव्हतं. मी म्हटलं होतं, "जाहिरात असेल."

पाऊसवेडा | १८ जानेवारी २०२६

ती जाहिरात नव्हती. २०२३ च्या कायद्याने अप्रेझल डिस्ट्रिक्टने दर पाच वर्षांनी होमस्टेड पडताळायचं ठरलं. नवऱ्याच्या नावावरचं होमस्टेड असेल आणि उत्तर गेलं नसेल तर ते काढून टाकलेलं असू शकतं. आजींचं २०२५ चं बिल बघ.

निवडुंग | १८ जानेवारी २०२६

अगं, स्वतःला दोष देत बसू नकोस. उद्या जा आणि बिल बघ. तिचं घर दोन लाखांच्या आत असेल तर शाळेचा कर शून्य व्हायला हवा : १,४०,००० अधिक ६०,०००. आणि तिने २०२५ चा कर अजून भरला नसेल तर ३१ जानेवारीनंतर दंड लागायला सुरुवात होते, फेब्रुवारीतच सात टक्के. पासष्टीवरच्यांना चार हप्ते मागता येतात. कर पुढे ढकलायचा हक्कही आहे, पण त्यावर वर्षाला पाच टक्के व्याज चढत राहतं आणि तो बोजा घरावर बसतो. खरंच हात रिकामा असेल तरच ते घ्यायचं.

एक आणखी. एप्रिलमध्ये किमतीची नोटीस आली की तिची आणि तुझी दोन्ही नीट वाच. १५ मे किंवा नोटिशीनंतर ३० दिवस, यातली जी तारीख नंतर येते तिच्या आत हरकत घेता येते. मी २०२३ मध्ये घेतली. आमची जमीन काळी आहे, आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीसारखीच उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे घराच्या पायाला तडे गेलेत. तड्यात मोजपट्टी धरून फोटो काढले, पाया दुरुस्तीचं कोटेशन लावलं, समोर बसलेल्या माणसाने ते पाहिलं आणि २२,००० कमी केले. वकील नव्हता. अर्ध्या तासाचं काम होतं.

माळावरची | ३० जानेवारी २०२६

सगळ्यांनी विचारलंत म्हणून लिहिते. आज संध्याकाळी घरी आल्यावर पहिलं हेच काम.

आमचा होमस्टेडचा अर्ज १५ तारखेलाच दिला, २०२३, २०२४ आणि २०२५ तिन्ही वर्षांसाठी. नवऱ्याच्या लायसन्सवर अजून प्लेनोचाच पत्ता निघाला. माझं २०२२ मध्येच बदललं होतं, म्हणून अर्ज माझ्या सहीने गेला. शिक्का मारलेली प्रत घेऊन आले. पैसे एस्क्रोतून भरले आहेत, त्यामुळे परतावा कुणाच्या नावाने निघेल ते बँकेला लेखी विचारलंय. चराईच्या कराराचं एक पान लिहिलं, शेजाऱ्याने आणि मी सही केली. वन-डी-वनचा अर्ज पुढच्या आठवड्यात.

आजींचं बिल पाहिलं. होमस्टेड २०२५ मध्ये काढलेलं, पासष्टीवरचं त्याच्याबरोबर गेलेलं. घराची किंमत १,४६,००० लावलेली. शाळेचा कर जिथे शून्य हवा होता तिथे पूर्ण रक्कम. तिने आधीच वाचवलेले डॉलर पाकिटात घालून ठेवले होते, शनिवारी भरायला जाणार होती.

पत्र तिने मला दाखवलं होतं आणि मी ते जाहिरात म्हणून बाजूला ठेवायला सांगितलं होतं, हे मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, माझा हात धरून बसली. मग आतून एक बिस्किटांचा डबा आणला. त्यात नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, १९८१ ची विक्रीची पावती आणि विजेची सगळी बिलं रबर बँड लावून वर्षांनुसार लावलेली. तिला काहीच शोधावं लागलं नाही.

आज सकाळी दहाला आम्ही तिघी गेलो, मी, आजी आणि माझी आई. आई आणि आजींना एकमेकींची भाषा येत नाही, पण गाडीत मागे बसून दोघी पूर्ण रस्ताभर काहीतरी बोलत होत्या. प्रतिज्ञापत्रावर नोटरीपुढे आजींनी सही केली. खिडकीतल्या बाईंनी कागद एकेक करून तपासले आणि म्हणाल्या की कराच्या खिडकीवर जाऊन हप्त्यांची मागणी आत्ताच द्या, निर्णय येईपर्यंत फक्त पहिला हप्ता भरा. पाकिटातले उरलेले पैसे आजींनी परत पर्समध्ये ठेवले.

काकू, त्या खिडकीवरच्या रांगेत आमच्या मागे आणखी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या हातातही तसंच पडताळणीचं पत्र होतं, घडी घालून घालून फाटत आलेलं. मी त्यांना विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?" ते म्हणाले, "माझ्या भावाच्या." मी त्यांना माझ्याजवळचा कोरा फॉर्म दिला आणि आम्ही बाकावर बसून तो भरला.

निवडुंग | ३० जानेवारी २०२६

शाबास गं. त्या गृहस्थांकडे विजेचं बिल होतं का?

माळावरची | ३१ जानेवारी २०२६

नव्हतं, काकू. मुलाला फोन करून त्याचा फोटो मागवला, खिडकीतल्या बाईंनी तो छापून घेतला. पावणेपाचला त्यांचा अर्ज आत गेला.